श्रावणाआधीची कुपी

लातूर, ४ नोव्हेंबर २०२५

मुकुल,

सापडली रे! तुझी कुपी सापडली!

थांब, फाडू नकोस. तू माझा नंबर बंद करून टाकलास, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. तू आता शिकवतोस त्या हदगावच्या ज्युनिअर कॉलेजचा पत्ता त्यांच्या वेबसाइटवरून काढला. शिपायासमोर आलेलं पत्र फाडायला तुला संकोच वाटेल, असं मी धरून चाललेय.

झालं काय, जंतू गोठवून ठेवायचा द्रव नायट्रोजनचा जुना कॅन गळायला लागला म्हणून परवा नवा आला. जुन्यातल्या सगळ्या कुप्या नव्यात हलवायचं काम माझ्याकडे. गार वाफेत डोळे बारीक करून कुप्या अडकवलेली एकेक कांडी वर काढत होते, तर अगदी तळाच्या कांडीत एक कुपी. वर तुझं ते मुंगीएवढं अक्षर : 'उमरी-४. हॅमस्टरमधून नुकताच काढलेला. २२ जुलै २०२२.' मी अशी ओरडले म्हणतोस! प्राणीघर सांभाळणारी आपली महामाया पळत आली. तिला वाटलं, म्याडमचा हात भाजला.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहिते. तीन वर्षं मी हे मनातसुद्धा सलग उच्चारलेलं नाही, एकदा लिहून काढू दे. उमरीची कस्तुराबाई. ताप, डोकेदुखी, मग घरच्या सुनेलाच 'तू कोण गं' म्हणायला लागली. कावीळ नाही, लघवी बंद नाही, म्हणून लेप्टो, उंदरांच्या मुतातून येणारा तो ताप, कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. नवव्या दिवशी बाई गेली. तिच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातून तू तो जंतू वाढवलास आणि हॅमस्टर उंदरांना टोचलास. सहाव्या दिवशी त्यांच्या मेंदूत सूज! रक्तवाहिन्यांभोवती पेशींची कडी! आपल्या भागात असा हॅमस्टर कुणाकडे होता? त्याच्यावर आपण शोधणार होतो, की मेंदूला सूज आल्यावर औषध किती दिवसांपर्यंत उपयोगी पडतं. पुढच्या कस्तुराबाईसाठी.

आणि मग तो प्रयोग पुन्हा जमलाच नाही. तुला स्वतःलासुद्धा नाही. चौकशी समितीनं लिहिलं, 'पहिले निकाल बनावट असण्याची शक्यता.' तू राजीनामा दिलास. आज आपल्या धंद्यात तुझं नाव काढलं की लोक हसतात, मुकुल. हसतात. मी ऐकलंय.

ही कुपी त्या सगळ्याच्या आधीची आहे. हिच्यातला जंतू जिवंत असेल तर तू खरा होतास, हे मला दाखवता येईल. उद्या उघडते.

शिवकन्या


लातूर, २३ नोव्हेंबर २०२५

मुकुल,

जिवंत आहेत!

अठरा दिवस रोज सकाळी एक थेंब काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकात वाकून बघायचं आणि मान हलवत उठायचं. पाठीचा कणा मोडायची वेळ आली. महामाया म्हणायची, "म्याडम, ते मेलं असंल. तीन साल बर्फात कोण जगतं?" मी म्हणायची, तू गप गं. आणि काल सकाळी, काळ्याभोर पडद्यावर एक चांदीची तार सर्रकन गेली. मग दुसरी. टोकाला तोच हुकासारखा आकडा, तेच गरगर फिरणं. मी महामायाला बसवलं खुर्चीवर, म्हटलं बघ. ती बघत राहिली नि म्हणाली, "लई चिकणं दिसतं की वो. हे माणूस मारतं?"

हाव, हे माणूस मारतं.

तुझं उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. पत्र परत आलं नाही, एवढ्यावरच मी खूश आहे. वाचत असशील तर पुढचं ऐक.

माझी खात्री झाली आहे की तुझ्या हातून चूक झालीच नव्हती, जंतूच बदलला होता. बाटलीतून बाटलीत, बाटलीतून बाटलीत करत राहिलं की हा आयतं खाऊन सुस्तावतो. अंगात शिरायचं कसं, रक्तातून मेंदूपर्यंत पोचायचं कसं, सगळं विसरतो. म्हणून तर तुझा नियम होता : सहा पिढ्या बाटलीत, मग एकदा हॅमस्टरला टोचायचा, तो आजारी पडला की त्याच्या यकृतातून जंतू परत काढायचा. त्याला तू 'फिरवून आणणं' म्हणायचास. फिरवून आणलं की पुन्हा तिखट.

तू आईंच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेलास, जुलैअखेरपासून थेट नोव्हेंबरपर्यंत. त्या मधल्या काळात कुणाकडून तरी एखादं फिरवणं राहून गेलं असेल. होतं असं कामाच्या गर्दीत. मग तू आलास, तोच सुस्तावलेला जंतू घेऊन प्रयोग केलास आणि काहीच झालं नाही. इतकं साधं!

तो सुस्त जंतूही माझ्याकडे आहे, आम्ही तो सांभाळून ठेवलाय. आता दोन्ही समोरासमोर. चार हॅमस्टरना कुपीतला, चारांना बाटलीतला. नीतिसमितीची परवानगी आली. १ डिसेंबरला, सोमवारी, टोचणार. माझा जीव थाऱ्यावर नाही. अप्पा परवा जेवताना म्हणाले, "एवढी कशामुळं फुलली आहेस? लग्नाचं बघू का?" त्यांना अजूनही वाटतं, मी रक्त तपासते. डाळमिलमधल्या सगळ्या हमालांना त्यांनी सांगून ठेवलंय, 'आमची पोरगी रक्त तपासती.'

शिवकन्या


लातूर, १३ डिसेंबर २०२५

मुकुल, मुकुल, मुकुल!

आठपैकी चार! आणि कोणते चार, ते ऐक!

मला स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून सगळं महामायाच्या हाती दिलं. दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिनं झाकल्या, कुठल्या पिंजऱ्याला कुठली बाटली ते तिनं चिठ्ठ्या उचलून ठरवलं, आणि तो कागद घडी घालून आपल्या पोळ्यांच्या डब्यात ठेवला. डबा घरी! मी म्हटलं, हरवशील. म्हणाली, "मह्या डब्याला घरात कुणी हात लावीत न्हाई."

पहिले चार दिवस आठही मजेत. गालात दाणे भरून घेतायत, चाकात पळतायत. मी जेवण सोडलं. शनिवारी सकाळी महामायाचा फोन : "म्याडम, या. तीन नंबरचं खाऊन नाही राहिलं." मी तशीच ओल्या केसांनी स्कूटी काढली. तीन नंबर कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला, केस विस्कटलेले. दुपारी दोन नंबर. मग पाच. रविवारी आठ नंबर मान वाकडी करून चालायला लागला. एक, चार, सहा, सात ठणठणीत.

रविवारीच आठही जण गुंगीचं औषध देऊन शांत केले आणि मेंदू काढले. मारणं, चिरणं, सगळं मी केलं, माझ्या हातांनी. पहिल्यांदाच. आठही मेंदू नीट निघाले. काम संपल्यावर बाहेरच्या पायरीवर बसून मात्र मी रडले, भडाभडा रडले, खोटं कशाला सांगू. महामाया शेजारी बसून राहिली.

काप तयार व्हायला शुक्रवार उजाडला. काल सकाळी दहा वाजता पहिली काच लावली. नंबर दोन. रक्तवाहिनीभोवती पेशींचं कडं. जत्रेत पाळण्याभोवती पोरं जमतात ना, तशी दाटीवाटी! नंबर तीन, तेच. पाच, आठ, तेच. चांदीच्या रंगानं रंगवलेल्या कापात काळ्या धाग्यासारखे जंतूसुद्धा दिसले, मेंदूच्या आवरणाला चिकटून. आणि एक, चार, सहा, सात? स्वच्छ. कोरी पाटी.

मग महामायानं डबा उघडला. कागदाला तेल लागलं होतं, पण वाचता येत होतं. कुपीतला जंतू : दोन, तीन, पाच, आठ.

मी टेबलावर थाप मारली, काचेची बरणी पडता पडता वाचली. महामायाला मिठी मारली. ती म्हणाली, "सोडा वो, लोक बघून राह्यले."

तू खरा होतास. सहावा दिवस म्हणाला होतास, सहावाच निघाला. मेंदूचं आवरण म्हणाला होतास, तिथंच निघाला. तीन वर्षांपूर्वी हसणाऱ्या प्रत्येकाला मी ही काच नेऊन दाखवणार आहे. सोबत फोटो पाठवते. बघ आणि एकदा तरी नाच.

शिवकन्या


लातूर, १९ डिसेंबर २०२५

मुकुल,

तुझं आंतर्देशीय काल आलं. आत एकच ओळ.

'पहिल्यांदाच? मग २०२२ सालचे तीन कुणी मारले?'

मी दिवसभर ते पर्समध्ये घेऊन फिरले. तुला मी काय समजत होते? आनंदात लिहिता लिहिता माझाच हात बोलून गेला, आणि तुझ्या नजरेतून काही सुटतं का कधी!

कुणीच नाही मारले. तुला सांगते सगळं. मागच्या पत्रांत मी 'कुणाकडून तरी' असं लिहिलं होतं ना, ते कुणी म्हणजे मी.

तू जाताना वहीत तीन तारखा लिहून गेला होतास : ८ ऑगस्ट, १९ सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर. 'शिवा, एवढं एक चुकवू नकोस,' म्हणालास. मी म्हटलं, जा रे, आईंना बघ. ८ ऑगस्ट नेमका श्रावणी सोमवार. आमच्या घरी श्रावणात मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून अप्पा खाली बघत चालतात. सकाळी लिंगपूजा करून, उपास धरून मी आले आणि हॅमस्टर हातात घेतला. तो माझ्या बोटावर नाक घासत होता. मला नाही झालं, मुकुल. शिवा शिवा, नाहीच झालं. प्रयोगासाठी मारायचं तर तू असायचास. आणि हे तर प्रयोगासाठीही नव्हतं, नुसता जंतू ताजा ठेवायला एक जीव घ्यायचा! मी ठरवलं, श्रावण संपू दे, मग करू. आणि बाटलीतच पुढची पिढी वाढवली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्याच आठवड्यात नीतिसमितीची तपासणी होती. वही कोरी कशी दाखवायची? मी लिहिलं, 'हॅमस्टरमधून फिरवले. झाले.' सही केली. हॅमस्टर महामायाच्या मागच्या खोलीतल्या पिंजऱ्यात ठेवला. श्रावण संपला, आणि एकदा लिहिलेलं खोडता येईना. सप्टेंबरातही लिहिलं, झाले. ऑक्टोबरातही. मागच्या पिंजऱ्यात तिघे झाले. महामाया त्यांना काकडी घालायची. तिनं कधी एका शब्दानं विचारलं नाही.

सतरा पिढ्या तो जंतू बाटलीत राहिला. तू आलास आणि त्याच जंतूचा प्रयोग मांडलास.

'मला माहीत नव्हतं' असं इथं लिहिणार होते. लिहून खोडलं, दिसतच असेल. सहाव्या दिवशी तुझे हॅमस्टर टुणटुणीत फिरत होते, त्या दिवशीच मला कळलं होतं. तू विचारलंस, "शिवा, फिरवणं नीट झालं होतं ना?" मी म्हटलं, "हाव." तू पुन्हा विचारलं नाहीस. माझ्यावर तुझा एवढा भरवसा होता की तू स्वतःवरच शंका घेत बसलास. समितीनं वही पाहिली, वहीत सगळं चोख. जंतू तोच, फिरवणं वेळच्या वेळी, मग खोटे कोण? तुझे पहिले निकाल. त्या अहवालावर चौथी सही, साक्षीदार म्हणून, माझी आहे.

घाबरले होते. नोकरी, अप्पा, लोक. दुसरं कारण नाही. शोधूनही सापडत नाही.

मागच्या शुक्रवारी, मिठी मारून झाल्यावर, महामाया डबा धुता धुता म्हणाली, "म्याडम, तीन उंदरं वाचवली तुम्ही. अन् माणूस घालवलं." मी तेव्हा ऐकलं न ऐकलंसं केलं. तुला त्या पत्रात हे लिहिलंही नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. समितीला लिहीन, त्याची प्रत तुला पाठवीन.

शिवकन्या


लातूर, २८ डिसेंबर २०२५

मुकुल,

गेलं पत्र. बुधवारी दिलं. तीन तारखा, तीन खोट्या नोंदी, माझं नाव, माझी सही. जोडीला नव्या प्रयोगाच्या काचांचे फोटो आणि महामायाचा तेलकट कागदसुद्धा. प्रत सोबत आहे.

पण तुला आता अर्धवट काही सांगायचं नाही, म्हणून हेही ऐक. देण्याआधी दोन दिवस मी ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आपल्या विभागाच्या साहेबांना काचा दाखवल्या, तर ते खुर्चीतून उठलेच. "शिवकन्या, हे तर फार मोठं काम आहे! जुनं कशाला उकरता? नवं वाण म्हणून मांडा, पहिलं नाव तुमचं. फेब्रुवारीत तुमची कायम नेमणूक आहेच." आणि मला ते आवडलं, मुकुल. दोन दिवस आवडलं. शीर्षकसुद्धा सुचलं होतं. मग मंगळवारी प्राणीघरात गेले, तर महामाया तो मागचा रिकामा पिंजरा घासत होती. दुसऱ्या दिवशी मी पत्र नेऊन दिलं. साहेब अजून माझ्याशी बोलून नाही राहिले.

घरी अप्पांनाही सांगितलं. रक्त नव्हे, जनावरं, आणि खोटी वहीसुद्धा. त्यांनी पुढ्यातल्या डाळीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "श्रावणाचं नाव कशाला सांगतेस? देवानं न्हाई लिहायला लावलं. तू लिहिलीस." आईनं मला ताट वाढलं, आणि अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता तुझं दुसरं आंतर्देशीय. यावेळी तीन ओळी! मी मोजल्या. 'समितीनं काय म्हणायचं ते म्हणू दे. नांदेडला बापूसाहेब तीन वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांना कोण सांगणार?'

हे मला माहीतच नव्हतं. देवाशपथ नव्हतं. तुझ्या वडिलांना एकदाच पाहिलंय मी, तू पीएच.डी. झालास तेव्हा. धोतर, काळी टोपी, आणि साखरेच्या पुड्यावर तुझ्या हातून 'डॉ. मुकुल' असं लिहून घेत होते. 'गणित शिकवायचो, पस्तीस वर्षं,' एवढंच बोलले होते.

मी सांगेन. फोनवर नाही, पत्रानं नाही. समितीचा कागद हातात आला की त्याच आठवड्यात नांदेडला जाईन. तू मला पत्ता पाठवला नाहीस तरी मी विचारत विचारत जाईन, तुमच्या तिथल्या श्रीनगर वस्तीत सगळ्यांना विचारेन, 'गणिताचे बापूसाहेब कुठं राहतात?'

शिवकन्या


नांदेड, ११ जानेवारी २०२६, रविवार

मुकुल,

हे मी तुमच्या घरात बसून लिहितेय! बापूसाहेबांच्या चौकटीच्या वहीतल्या पानावर. ओळी वाकड्या आल्या तर समजून घे.

निकाल गुरुवारी लागला. 'मुकुल यांच्यावरील आक्षेप पूर्णपणे मागे घेण्यात येत आहे. त्यांचे मूळ निकाल ग्राह्य.' असं लिहिलंय रे, काळ्यावर पांढरं, नाही, पांढऱ्यावर काळं! माझं काय झालं? प्राणीघराचं दार मला बंद, नेमणूक रद्द, चौकशी चालू. होणारच होतं. उमरी-४ आता साहेबांच्या ताब्यात आहे, आणि समितीनं लिहिलंय की पुढचं काम तू घेणार का, हे आधी तुला विचारायचं.

सकाळच्या एसटीनं निघाले. लोह्यापासून पुढं काय बोलायचं ते जुळवत होते, श्रीनगरच्या नाक्यावर उतरले तर सगळं विसरले. दार तुझ्या आईंनी, चंद्रप्रभाकाकूंनी, उघडलं. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "शिवकन्या म्हणजे... मुकुलबरोबरची? ये की आत." बापूसाहेब पेपर वाचत होते. मी बसलेच नाही, उभ्या उभ्याच सांगितलं. आधी वहीचं सांगितलं, मग कुपीचं.

त्यांनी पेपरची घडी घातली. खूप वेळ घातली. मग म्हणाले, "ती वही मी पाहिली होती. समितीनं त्याला जी झेरॉक्स दिली ना, ती. तारखा, सह्या, सगळं जिथल्या तिथं. मी त्याला म्हटलं, कागद खोटा बोलत नाही, मुकुल." मी म्हटलं, "कागद खोटा होता, काका. मी लिहिलेला." मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

पण म्हणाले, "तो नवा प्रयोग. नीट सांगा. मधलं गाळू नका."

मी सांगितलं. आठ हॅमस्टर, झाकलेल्या बाटल्या, डब्यातला कागद. त्यांनी वही ओढली, पेन्सिल काढली. "आठांतून चार. नुसत्या नशिबानं नेमके तेच चार आजारी पडायचे म्हणजे..." आणि मांडायला लागले. आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच, खाली चोवीस. ओठ हलत होते. "सत्तर. सत्तरात एक!" म्हणाले. "अगं, सत्तरात एक! ऐकलंस का?" काकू स्वयंपाकघरातून आल्या, हाताला पीठ. "काय सत्तर?" "तो खरं बोलत होता," म्हणाले. पेन्सिल खाली पडली, ती उचलायला वाकले ते लवकर वर आलेच नाहीत.

काकू तशाच पिठाच्या हातानं त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मी दर महिन्याला जाते गं हदगावला. ह्यांना सांगून जाते. हे म्हणतात, जा, आणि गाडी कितीला येते ते विचारत बसतात." 

थोड्या वेळानं बापूसाहेब म्हणाले, "मी वहीवर विश्वास ठेवला, पोरावर नाही. तुझी चूक तू लिहून दिलीस. माझी कुणाला लिहून देऊ?" मी म्हटलं, मी मुकुलला पत्र लिहिते सगळं, आत्ताच, इथंच. ते म्हणाले, "लिही. पण टपालात टाकू नकोस. माझ्याकडे दे."

म्हणून घाईघाईत लिहितेय. ते आत टोपी घालतायत. काकू पोळ्या बांधतायत, भाजी तेवढी राहिली म्हणून स्वतःवरच चिडल्यात. त्या म्हणाल्या, मी येते सोबत, तर 'नको, मी एकटा जातो,' म्हणाले. हदगावला अर्धापूरवरून जाणारी गाडी आहे दुपारी एकाची. आज रविवार, तू खोलीवरच असशील, असं काकूंनी सांगितलं.

आता दोनदा मला विचारून गेले, "दार उघडेल का तो?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. माझ्यासाठी तू उघडू नकोस, कधीच नको उघडूस, ते मी समजेन. 

पण हा कागद तुझ्या हातात देऊन ते दारातच उभे असतील. तू काय म्हणतोस, त्याची वाट बघत. बाकीचं नंतर बघ. त्यांना आधी बस म्हण. तू म्हटल्याशिवाय ते बसणार नाहीत.

शिवकन्या